शिवणीची फळी, एकशे ऐंशी ग्रॅम

कापडे, ता. पोलादपूर
१६ जानेवारी २०२५

चि. सलोनी हिस सहदेवमामाचे घरभर पुरतील इतके आ. वि. वि.

आधी यादी देतो, मग मुद्द्यावर येतो. घराची आठ दारं आणि अकरा खिडक्या. शाळेची चौदा बाकं. बचत गटाच्या शेडमधल्या पापड वाळवायच्या चोवीस चौकटी. भाताला वारा द्यायचा हाताने फिरवायचा पंखा. ट्रकच्या जुन्या जॅकपासून केलेला, पुस्तकं दाबायचा शिकंजा, आणि त्या शिकंज्यात बांधलेली त्र्याण्णव पुस्तकं, कापडी पाठीची, ज्यातल्या एकाचंही पान आजवर सुटलेलं नाही. हे सगळं याच दोन हातांनी, कुणाच्या हाताखाली एक दिवसही न राहता. शाळा सातवीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा संक्रांतीच्या फोनवर तू जे म्हणालीस, की नुसतं पुस्तकं वाचायचं असं एक यंत्र मिळतं, घेऊन टाका मामा, पण तुम्हाला ते झेपेल का, त्यातला शेवटचा भाग मी तुला परत करतो. पहिला ठेवून घेतला आहे.

फोनवर उत्तर दिलं नाही, कारण फोनवर बोललेलं कुणी नंतर तपासू शकत नाही. कागदावर लिही.

विचार करण्याचं कारण असं. एकोणीस वर्षं मी दुपारी दोन ते चार शेडमध्ये वाचतो. अकरा बायका नाचणीचे पापड लाटतात, मी बैठकीवर बसून पुस्तक वाचून दाखवतो. आता त्या म्हणतात की घरातली सगळी पुस्तकं दोनदोनदा, काही पाचदा झाली, नवं काढा. काशीबाई तर म्हणाली की मेलेल्या माणसाला तू पाचव्यांदा मारलंस, आता त्याला पडू दे. म्हणून दिवाळीत महाडहून एक नवी कादंबरी आणली, चारशे बारा पानांची, आणि गुढीपाडव्याला सुरू करतो असा शब्द देऊन बसलो. पण हल्ली छपाई इतकी बारीक करतात की यांना वाचणारा हवाय की मुंग्या, हेच कळत नाही. पाडव्याला अडीच महिने आहेत. शब्द मोडला तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोडेल.

तरी पुढील गोष्टी अंदाजाने नव्हे, मोजून कळव. लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये. वजन ग्रॅममध्ये. अक्षर किती मोठं करता येतं. जोडाक्षरं नीट दिसतात का, की 'ष्ट्र' फुटून तीन तुकडे होतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, बिघडलं तर उघडायचं कुठून. जी वस्तू मला उघडता येत नाही ती मी घरात आणत नाही, हा नियम तुझ्या आईच्या लग्नाच्याही आधीचा आहे.

तुझ्या आईच्या गुडघ्याला तेल चोळतेस ना? मामी बरी आहे. तुझ्याकडे लोभ शिल्लक असेल तर पत्रातून पाठव, फोनवरून नको.

तुझा
सहदेवमामा

•

भांडुप
२५ जानेवारी २०२५

ती. सहदेवमामांस सलोनीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी तुमचीच खोडी काढते. पाकीट केवढं जाड, मला वाटलं शेताचे कागद पाठवले. आत बघते तर एका पानावर नऊच ओळी. तुमचं अक्षर आधी इतकं बारीक की पोस्टकार्डावर मावशीच्या लग्नाची अख्खी हकिकत बसली होती, आणि आता एकेक 'क' बोराएवढा. आई म्हणाली, दादा म्हातारपणी उधळा झाला.

आता मापं. आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर हृतिक बसतो, त्याच्याकडे ते यंत्र आहे. तो हात धुतल्याशिवाय कुणाला शिवू देत नाही. मी साबणाने धुतले, त्याने वास घेऊन खात्री केली, मग दिलं. लांबी १६०, रुंदी ११०, जाडी ८ मिलिमीटर. वजन लॅबच्या काट्यावर केलं, १८० ग्रॅम. मोबाइलसारखा प्रकाश डोळ्यांत घुसत नाही, कागदावर छापल्यासारखं काळं अक्षर दिसतं, उन्हातसुद्धा. आणि मामा, अक्षर मोठं करत जाता येतं, मोठं, अजून मोठं, शेवटी पानावर सहाच ओळी राहतात. मी 'राष्ट्र' शोधून पाहिलं, अखंड आहे. एकदा चार्ज केलं की आठवडे जातात. किंमत साडेअकरा हजार.

एक वाईट बातमी आहे. उघडायचं कुठून, असं विचारलं तर हृतिकने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या आजीचं पोट उघडायला मागितलंय. सगळीकडून डिंकाने चिकटवलेलं असतं म्हणे. दुसरी बातमी चांगली आहे. तुमची ती दिवाळीची कादंबरी यंत्रावर मिळते, मी पाहिलं.

मी फार खूश आहे, तुम्ही विचार करताय म्हणून. झेपेल का म्हणाले त्याबद्दल कान पकडले, इथून दिसत नसतील तरी धरून चाला. मामीला न. आणि मी आहे तशीच आगाऊ असूनही माया कमी करू नका.

तुमची
सलोनी

•

कापडे
९ फेब्रुवारी २०२५

चि. सलोनी हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. कामाच्या गडबडीत मला सवड नसते, आणि तिलाही साक्षरता वर्गात शिकलेलं घासूनपुसून ठेवायला बरं. तुझी मापं मात्र चोख आहेत. लॅबच्या काट्याला मान द्यायला हवा.

बाजारात वस्तू बघून लोक विकत घेतात आणि मग घरी आणून पस्तावतात. मी उलटं केलं. यंत्र आधी तयार केलं. शिवणीच्या लाकडाची एक वाळलेली फळी माळ्यावर होती, हलकी, विना गाठीची. तिचा १६० बाय ११० बाय ८ चा तुकडा काढला, कोपरे गोल केले. नुसतं लाकूड भरलं अडुसष्ट ग्रॅम. म्हणजे भार कमी पडला. मग तुडीलला महिपतीकडे गेलो. तो सावित्री नदीत जाळं टाकतो, त्याच्याकडे जाळ्याला लावायचं शिसं असतं. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं, तो बराच वेळ हसला आणि मग मूठभर शिसं फुकट दिलं. फळीला मागून खळगे कोरून त्यात शिसं बसवलं, वरून भुसा आणि सरस. पोलादपूरला सोनाराच्या काट्यावर ठेवलं तर एकशे एक्याऐंशी. तिथेच उभ्या उभ्या कानशीने एक ग्रॅम उतरवला. सोनार म्हणाला, दादा, लाकडाचा भाव एवढा कधी झाला?

आता चाचणीचा निष्कर्ष. आठ दिवस, रोज दोन तास, शेडमध्ये वाचायला बसताना जुनं पुस्तक समोर चौरंगावर उघडं ठेवलं आणि ही फळी हातात धरली, जशी खऱ्या वाचनात धरावी लागेल तशी. वाचन एकही दिवस थांबलं नाही. (१) पन्नास मिनिटांनी उजव्या अंगठ्याला रग लागते. (२) मांडीवरून फळी तीनदा पडली, दोनदा सारवणावर, एकदा जोत्याच्या दगडावर. दगडावर कोपरा उडाला. खरं यंत्र असतं तर साडेअकरा हजार गेले असते, मला फक्त भुसा लागला. (३) म्हणून तिला टेकवून ठेवायला एक ठाणवई केली आहे, कललेली, खाली ओठ असलेली. आता पडत नाही.

बायकांनी मात्र गोंधळ केला. त्यांना वाटलं यंत्र आलंच. त्यांच्यातल्या सेजलने फळीला हळदकुंकू लावलं. काशीबाई म्हणाली की हे बेस हाय, विजेचं बिल नाय, आणि बटण कुठं दाबतोस ते पण दिसत नाय. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

एक गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. डिंकाने बंद केलेली वस्तू. आत काय आहे ते मालकालाच बघता येत नाही, मग तो मालक कसला? यावर विचार चालू आहे. तोवर तू हृतिकला विचार, अंगठा त्याचा दुखतो का.

लोभाचा काटा माझ्याकडे झुकता ठेव.

सहदेवमामा

•

कापडे
१५ फेबरवारी

सलोनी बाय हिस मामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी शेडमध्ये बसून लिवतेय, सेजल टपालात टाकंल. तुझ्या मामाला यातलं काय बोलू नको गो.

त्यांना दिसत नाय. म्हंजे समदंच दिसत नाय असं नाय. कडंचं दिसतं, मधलं पुसल्यावानी होतं. माणूस येतोय कळतं, तोंड कळत नाय. गणपतीच्या आधी महाडला डॉक्टरकडं गेलो होतो. तो बोलला डोळ्याच्या पाठचा पडदा मधोमध झिजलाय, चष्म्यानं काय व्हायचं नाय, ऑपरेशनचं काम नाय. लय मोठं अक्षर असंल तर वाचतील, असं बोलला. ते घरी येऊन बोलले, डॉक्टरला काय कळतंय. लाकूड मापतात ते नखानं. पितळेच्या पट्टीला खाचा पाडून घेतल्यात.

आणि शेडमधलं वाचन. ते वाचत नायत गो. पाठ हाय त्यांना. एकोणीस वर्सं तीच पुस्तकं, समदी पाठ हायत. पुढ्यात पुस्तक ठेवतात, पान उलटतात आणि बोलतात. बायकांना दसऱ्यालाच कळलं. वारा सुटला, पुस्तकाची वीसेक पानं भरारा उलटली, आणि हे आपले थांबलेच नायत, पुढं चालूच. काशीबाईनं समद्यांकडं बघून तोंडावर बोट ठेवलं. तेवापासून कोण काय बोलत नाय. सेजल बारावी शिकलेली हाय, ती एकदा बोलली, मामा मी वाचू का आज. काशीबाईनं तिला असा चिमटा काढला की पोरीचा पापड फाटला. बोलली, त्याची जागा घेतलीस तर तो घरात बसंल आणि मग उठायचा नाय.

फळी धरून वाचत होते ते आठ दिवस तर आमाला हसू आवरंना आणि रडू पण आवरंना. लाकडातून दोन तास वाचलं बाय त्यांनी. एक शब्द चुकला नाय.

पण नवीन पुस्तक पाठ कुठून असणार. ते त्यांना उघडून वाचताच येत नाय. पाडवा आला की काय करतील, ह्या इचारानं मला जेवण जात नाय. डोळ्याचं नाव न काढता काय करता आलं तर बघ. तुझ्यावर माझा भरोसा हाय.

तुझी
मामी आवडी

•

भांडुप
२२ फेब्रुवारी २०२५

ती. सहदेवमामांस सा. न. वि. वि.

फळीचं पत्र मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. हृतिकचा घास हातात राहिला. त्याने दोन गोष्टी सांगायला लावल्या आहेत. एक, अंगठा त्याचाही दुखतो, पन्नासाव्या मिनिटालाच, पण आजवर त्याला वाटायचं हा आपलाच दोष. दोन, ठाणवईची मापं द्या.

मामा, मी तुमची भाची आहे, म्हणून तुमच्याच पद्धतीने बोलते. लाकडाची चाचणी झाली. आता खऱ्याची व्हायला हवी, नाहीतर निष्कर्ष अर्धा राहतो. अंगठ्याचं कळलं, पण वाचण्याचं कुठे कळलं? शिमग्याला मला रजा नाही, पण सेजलचा दीर साहिल गावाला येतोय. त्याच्याबरोबर हृतिकचं यंत्र चार दिवसांसाठी पाठवते. हृतिकने एका रात्रीत हो म्हटलं, हे फक्त तुमच्या फळीमुळे, नाहीतर तो स्वतःच्या भावाला देत नाही. तुमची ती कादंबरी त्याने विकत घेऊन यंत्रात भरून ठेवली आहे. अक्षर मी सगळ्यात मोठं करून ठेवते. उगाच नाही, शेडमध्ये मागे बसणाऱ्या बायकांनाही लांबून दिसावं म्हणून. ते तसंच असू द्या, लहान करू नका, हृतिकचं सेटिंग बिघडतं.

एक विनंती. ज्या दिवशी येईल त्याच दिवशी, आधी घरी सराव न करता, थेट शेडमध्ये बसून वाचा. खरी चाचणी तशीच होते ना? आणि मग मला सगळं लिहा, मिलिमीटरसकट.

मला इथे काम सुचत नाहीये. मामीला सांगा, तिचं पत्र… तिला माझा नमस्कार सांगा. लोभ वाढवायला यंत्र लागत नाही, तेव्हा वाढवा.

तुमची
सलोनी

•

कापडे
१८ मार्च २०२५

चि. सलोनी हिस, आज मोजून नव्हे, जितके सुचतील तितके आ. वि. वि.

पहिलं हे की तुझं मागचं पत्र वाचताना तुझी मामी 'तिचं पत्र' या शब्दांपाशी अडखळली आणि पुढे चार ओळी खोकली. तेव्हाच मला बाकीचं समजलं. तिच्यावर रागावलो नाही. थोडा रागावलो, पण तो भाग संपला आहे.

पालखी आमच्या दारी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहिल आला. यंत्र स्वेटरमध्ये गुंडाळलेलं, वर हृतिकची चिठ्ठी, हात धुवावेत. तीनदा धुतले. मग तू सांगितलंस तसा थेट शेडमध्ये गेलो. यंत्र ठाणवईत ठेवलं. बरोबर बसलं, ना अर्धा मिलिमीटर इकडे ना तिकडे. हे मी आधी सांगतो, कारण या दिवसात माझ्या मनासारखं झालेलं ते पहिलं काम.

दोन वाजता सुरू केलं. सहा ओळी, ओळीला दोन-तीन शब्द. अक्षराची उंची नऊ मिलिमीटर, नंतर मोजली. मी मान जरा डावीकडे वळवली, कारण हल्ली मला कडेने बरं दिसतं, आणि सलोनी, अक्षर तिथे होतं. पुसलेलं नव्हतं. काळं, आपल्या जागेवर उभं. गणपतीपासून छापलेला शब्द माझ्याकडे असा थांबून राहिला नव्हता.

पण वाचता येईना. म्हणजे दिसत होतं, तरी तोंड चालेना. एकोणीस वर्षं ज्या तोंडाने भरधाव वाचलं ते पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवू लागलं. एका जोडाक्षरावर दोनदा पडलो. एक वाक्य मध्येच तोडलं, पान उलटल्यावर कळलं की ते पुढे चालू होतं. अकराही लाटणी थांबली. एकोणीस वर्षांत ती याआधी एकदाच थांबली होती, शेडवर माकडं उतरली तेव्हा. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांना कळलं की सहदेवला वाचता येत नाही आणि आजवर तो आपल्याला काय ऐकवत होता.

मी थांबलो. तेव्हा काशीबाई म्हणाली की सहदेवा, सावकाश वाच. पुढं काय हाय ते आता तुला पण ठावं नाय आणि आमाला पण नाय. आता कुठं मजा येनार हाय.

मी विचारलं, आता म्हणजे? तर म्हणाली, दसऱ्यापासून तू नुसता बोलतोयस, आमी नुसत्या ऐकतोय, दोघांना पण ठावं, दोघं पण गप.

मी उठून घरी गेलो. चांगल्या धारेच्या तीन पटाश्या विनाकारण पाजळल्या. अकरा बायकांनी पाच महिने मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी समजत होतो की मीच त्यांना सांभाळतोय. चौथी पटाशी हातात घेतली, तेव्हा तुझी मामी दारात येऊन म्हणाली की त्या बसल्यात, एक पण पापड लाटत नायत, पीठ सुकतंय. पीठ सुकतंय म्हटल्यावर जावंच लागलं. साडेतीनला पुन्हा बैठकीवर बसलो. चारपर्यंत मोठ्या अक्षरातली साठ पानं झाली, म्हणजे छापील पुस्तकाची जेमतेम चार. कादंबरीतल्या बाईने घर सोडलंय आणि ती कुठे निघाली आहे ते आम्हा बारा जणांपैकी कुणालाच माहीत नाही. सेजल म्हणते माहेरी. काशीबाई म्हणते ह्या असल्या बाया माहेरी जात नायत. मामी म्हणते तिच्या पिशवीत काय आहे ते आधी सांगा. मला स्वतःला वाटतं ती नदीपलीकडच्या गावात जाईल. घरी येऊन तिच्या विचाराने मला चहा गोड लागला की अगोड ते कळलं नाही. नवं पुस्तक असं असतं, हे मी विसरलो होतो.

चारही दिवस वाचलं. चौथ्या दिवशी अडखळणं निम्म्यावर आलं. हिशेबाने चारशे बारा पानांचं पुस्तक या अक्षरात सहा हजारांच्या वर पानांचं होतं, म्हणजे सहा हजार वेळा अंगठा. अंगठ्याची तयारी फळीने करून ठेवली आहे.

तेव्हा निर्णय. यंत्र घ्यायचं. हेच, याच मापाचं, कारण ठाणवई तयार आहे. पैसे माझे, शाळेच्या दोन दरवाजांचे आलेले, तू एक रुपया घालायचा नाहीस. पाडव्याच्या आधी पोचायला हवं. डिंकाने बंद असणं मला अजूनही पटलेलं नाही. पण महाडच्या डॉक्टरला मी विचारलं होतं की डोळा उघडून आतला पडदा बदलता येत नाही का, तो नाही म्हणाला, आणि तरी ते दोन डोळे मी घरात ठेवलेच आहेत. नियमाला एक अपवाद आधीच झालेला होता. हा दुसरा.

हृतिकला सांग, त्याच्या यंत्राला आम्ही कुणी कुंकू लावलेलं नाही. ठाणवईची मापं मागच्या पानावर आहेत, ओठाची उंची मात्र बारापेक्षा कमी करू नये. आणि तू जे केलंस, न बोलता, माझ्याच पद्धतीने मला पकडून, ते मला आवडलं. तुझ्या आईत एवढी अक्कल नव्हती. तिला हे वाक्य वाचून दाखव.

तुझ्या मामावर जीव आहे तोवर असाच डोळा ठेव.

तुझा
सहदेवमामा

ता. क. साहिल यंत्र परत घेऊन येईल तेव्हा फळीची गोष्ट आपल्या परीने सांगेल, म्हणून खरी इथे लिहितो. मुंबईत त्याचं शोभेच्या वस्तूंचं दुकान आहे. शेडमध्ये त्याने फळी पाहिली, कुंकवासकट, आणि ती विकत मागितली. दुकानात काचेत ठेवणार, खाली पाटी लावणार, कोकणातल्या माणसाने यंत्र कधी न बघता केलेलं यंत्र. गिऱ्हाईक फोटो काढायला येईल म्हणाला. पाचशेपासून सुरुवात केली. आत शिसं आहे आणि वजन एकशे ऐंशी ग्रॅम आहे हे कळल्यावर पाच हजारांवर गेला. मी सांगितलं की फळी मोकळी नाही. तुडीलच्या महिपतीचेही डोळे माझ्याच वाटेने चालले आहेत, ते त्याने मला परवा सांगितलं, मी माझं सांगितल्यावर. तो पंधरा दिवस फळी धरून बघणार आहे, मग यंत्र घ्यायचं का ते ठरवणार. साहिलला वाटलं मी भाव वाढवतोय. जाताना जोत्यावर उभा राहून, मामीच्या देखत, त्याने शेवटचा आकडा सांगितला, यंत्राच्या किमतीपेक्षा एक हजाराने जास्त. बारा हजार पाचशे. मी नको म्हटलं.